आकाश वितीने मोजताना

जुलैतली संध्याकाळ होती. दुपारभर कोसळून पाऊस नुकता थांबला होता आणि मिरामारवर नेहमीची गर्दी जमली होती. ढगांच्या खालून सूर्य आग्वादच्या अंगाने बाहेर डोकावला, तसे सगळे मोबाईल तिकडे वळले. किनाऱ्यावर उलट्या दिशेला तोंड करून उभा असलेला एकच माणूस होता, तो भेळवाला. गाड्याची मांडणीच तशी. कांदा कापता कापता तो म्हणाला, "अहो, जरा मागं बघा." मागे ताळगावच्या माथ्यावर एकावर एक अशी दोन इंद्रधनुष्यं उभी होती. फोटोत सूर्य पकडायच्या नादात असलेल्या शंभरेक माणसांच्या पाठीमागे ती येऊन उभी राहिली होती, कुणाला पत्ता नाही.

आम्हा गोवेकरांचं आकाश म्हणजे पश्चिम. सूर्य दर्यात बुडाला की कार्यक्रम संपला असं समजून आपण उठतो, चड्डीची वाळू झटकतो. पण आकाशात प्रकाश जे खेळ करतो त्यातले निम्मे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला चालतात. कुठे बघायचं हे एकदा कळलं की ते का होतं हेही बरंचसं उलगडतं, कारण हा सगळा कोनांचा मामला आहे. आणि कोन मोजायचं साधन आपल्या हातालाच लावून दिलेलं आहे.

हात डोळ्यांसमोर सरळ ताणा आणि वीत फाकवा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आकाशाचा साधारण २० ते २२ अंशांचा तुकडा मावतो. बंद मूठ म्हणजे १० अंश, करंगळीची जाडी १ अंश. लहान मुलाची वीत लहान, पण त्याचा हातही तेवढाच आखूड, त्यामुळे हिशेब जवळपास तोच राहतो. सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र दोघेही फक्त अर्ध्या करंगळीएवढे. यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. चंद्रावर करून बघा. सूर्यावर मात्र हा प्रयोग नको, आणि खाली जिथे जिथे सूर्याच्या आसपास बघायचं म्हटलंय तिथे त्याला आधी माडाच्या खोडाआड किंवा खांबाआड घ्यायचं.

तर इंद्रधनुष्य असतं दोन वितींवर. कशापासून दोन वीत? सूर्यापासून नव्हे, तुमच्या डोक्याच्या सावलीपासून. सूर्याकडे पाठ करून उभे राहा, वाळूवर पडलेल्या सावलीचं डोकं शोधा आणि तिथून कुठल्याही दिशेला दोन वीत मोजा. समोर पाऊस पडत असेल आणि त्यावर ऊन असेल, तर ती रंगीत कमान तिथेच, ४२ अंशांवर असणार. सावलीचं डोकं हे त्या वर्तुळाचं केंद्र. अर्थात तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं केंद्र त्याच्या डोक्याच्या सावलीत असतं, त्यामुळे त्याचं इंद्रधनुष्य वेगळ्या थेंबांनी बनलेलं असतं. एकाच जागी उभे राहून दोघे म्हणतात "केवढं सुंदर आहे", पण दोघे बघत असतात आपापलं.

४२च का, हा प्रश्न माणसाला बराच काळ छळत होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणात कमालुद्दीन अल-फारिसी आणि जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक, दोघांनी एकमेकांचं नाव न ऐकता एकच युक्ती केली: पाण्याने भरलेला काचेचा गोळा घेतला आणि हाच पावसाचा मोठा थेंब असं मानून त्यातून प्रकाश कसा फिरतो ते पाहिलं. किरण थेंबात शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. शाळेच्या पुस्तकात वक्रीभवन, आंतरिक परावर्तन, पुन्हा वक्रीभवन असं जे पाठ करून घेतात ते हेच. पण पुस्तकातली आकृती एकच किरण दाखवते आणि तिथेच फसवते. थेंबावर एक किरण पडत नाही, थेंबाच्या सगळ्या तोंडावर किरणांचा मारा होतो. प्रत्येक जण वेगळ्या कोनात बाहेर पडत असेल, तर मग कमान एकाच जागी का?

याचं उत्तर घरच्या झोपाळ्यात आहे. झोपाळा मधून जाताना वेगात जातो आणि टोकाला पोचला की क्षणभर रेंगाळतो. डोळे मिटून अचानक उघडलेत तर तो टोकाजवळ सापडण्याची शक्यता जास्त. थेंबाच्या बरोबर मध्यावर पडलेला किरण आल्या वाटेने सरळ परत जातो, म्हणजे कोन शून्य. मध्यापासून जरा वर पडलेला थोड्या कोनात परततो, आणखी वरचा आणखी मोठ्या कोनात. असं वाढत वाढत कोन ४२ अंशांपर्यंत जातो आणि मग कडेकडच्या किरणांसाठी पुन्हा कमी व्हायला लागतो. ४२ हे झोपाळ्याचं टोक. तिथे किरणांची गर्दी होते, म्हणून तिथे उजेड दाटतो. देकार्तने १६३७मध्ये एकेका किरणाचा हिशेब कागदावर मांडून ही गर्दी दाखवली. रंगांचं कोडं न्यूटनने सोडवलं: पाणी तांबड्या प्रकाशाला कमी वाकवतं आणि जांभळ्याला जास्त, म्हणून प्रत्येक रंगाचं टोक किंचित वेगळ्या जागी येतं. तांबड्याचं सुमारे ४२.४ अंशांवर, जांभळ्याचं ४०.६वर. म्हणून या कमानीत तांबडा नेहमी बाहेर.

हे एकदा समजलं की इंद्रधनुष्यात आजवर न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ असतं, कारण टोकापर्यंत न गेलेले बाकीचे सगळे किरण आतच सांडतात. थेंबात दोनदा आपटून आलेल्या प्रकाशाची दुसरी, फिकट कमान ५१ अंशांवर बसते, रंग उलटे घेऊन. आणि या दोन कमानींच्या मधला पट्टा चक्क काळवंडलेला दिसतो. त्या जागी ना पहिल्या वाटेने प्रकाश पोचत, ना दुसऱ्या. हा पट्टा इसवीसन २००च्या सुमारास अफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरने टिपला होता. माझ्या मते इंद्रधनुष्यात सर्वांत बघण्यासारखं काही असेल तर हा अंधार.

आता हिशेब गोव्याला लावू. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या, म्हणजे दोन वितींच्या वर गेला की तुमच्या डोक्याची सावली जमिनीत इतकी खाली जाते की अख्खी कमानच क्षितिजाखाली बुडते. जुलैत इथला सूर्य सकाळी साधारण सव्वानऊला ही पातळी ओलांडतो आणि दुपारी चारच्या आसपास परत खाली येतो. त्यामुळे भर दुपारी कितीही ऊन-पाऊस एकत्र पडो, कोल्ह्याची कितीही लग्नं लागोत, आकाशात इंद्रधनुष्य मिळणार नाही. सकाळचं मिळेल ते पश्चिमेला, समुद्रावर. संध्याकाळचं पूर्वेला, घाटाकडे. मोसमी वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात. म्हणजे सकाळी दर्यावर धनुष्य दिसलं तर तो पाऊस तुमच्याकडे यायला निघालेला आहे. संध्याकाळी घाटावर दिसलं तर तो तुम्हाला भिजवून पुढे गेलेला आहे. कपडे वाळत घालायला एवढी माहिती पुरते.

दुपारचा हट्टच असेल तर थेंब आपल्या खाली असायला हवेत: उंचावरून दिसणारे धबधब्याचे तुषार, किंवा अंगणात माडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर बोट दाबून उडवलेला फवारा. खवळलेल्या लाटेच्या तुषारातलं धनुष्य तर आणखी मजेशीर. खारं पाणी प्रकाशाला गोड्या पाण्यापेक्षा किंचित जास्त वाकवतं, म्हणून समुद्राच्या तुषारांची कमान पावसाच्या कमानीपेक्षा जवळजवळ एक करंगळीभर लहान असते. एकाच वेळी दोन्ही दिसल्या तर त्यांचा सांधा जुळत नाही.

पेडण्याला आजीच्या अंगणात उन्हाळ्यात आम्ही बाहेर झोपायचो. चंद्राभोवती कडं दिसलं की ती म्हणायची, "खळं पडलं." भाताची मळणी होते ते खळंही गोल, म्हणून आकाशातल्या गोलालाही तोच शब्द. आणि पुढे ठरलेलं वाक्य: खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब. बरीच वर्षं मला ते नुसतं यमक वाटायचं. पण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी नीट ओळखलेल्या आहेत.

लांबचं खळं चंद्रापासून बरोबर एक वीत दूर असतं. अंगठा चंद्रावर ठेवला की करंगळी कड्यावर टेकते. हे कडं बर्फाचं आहे. गोव्यात बर्फ? हो, अगदी मे महिन्यातही. आपण घामाने भिजलेले असतो तेव्हा आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरांवर पाणी गोठायच्या तापमानाची रेघ असते, आणि पिसांसारखे पातळ ढग त्याच्याही बरेच वर असतात. त्यांतले बर्फाचे कण षटकोनी, न तासलेल्या पेन्सिलीसारखे. पेन्सिलीच्या एका बाजूने शिरलेला प्रकाश एक सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडतो, तेव्हा तो कण ६० अंशांच्या लोलकासारखा वागतो आणि प्रकाशाला कमीत कमी २२ अंश वळवतो. त्यापेक्षा कमी वळवणं त्याला जमतच नाही. इथेही झोपाळ्याचं टोक आहे, फक्त उलट्या बाजूचं: गर्दी २२ अंशांवर होते, उरलेला प्रकाश कड्याच्या बाहेर सांडतो आणि आतलं आकाश काळसर राहतं. कड्याची आतली कड तांबूस असते, कारण तांबडा प्रकाश सर्वांत कमी वळतो.

जवळचं खळं म्हणजे चंद्राला अगदी बिलगलेलं, दोन-चार करंगळ्यांचं, निळसर पांढरं आणि बाहेरून तपकिरी-तांबडं. यात बर्फाची गरज नाही. विरळ ढगातले बारीक पाण्याचे थेंब प्रकाशाला आपल्या कडेवरून वळवतात, त्याला विवर्तन म्हणतात. थेंब जितके बारीक तितकं कडं मोठं. धुकट काचेतून रस्त्यावरचा दिवा पाहिला की त्याच्याभोवती दिसतं ते हेच.

आजीच्या वाक्यात तथ्य किती? दूरच्या मोठ्या वादळी ढगांचे माथे वर पसरतात आणि त्यांचा बर्फाळ पदर मैलोन्‌मैल पुढे येतो. वीतभर लांबचं खळं त्या पदराचं असेल तर मागून पाऊस येऊ शकतो. जवळचं खळं दाखवणारे पातळ ढग बऱ्याचदा तसेच विरून जातात. म्हणून मे-जूनमध्ये आजी पुष्कळदा बरोबर ठरायची. डिसेंबरात मात्र वीतभर खळं पडूनही टिपूस पडत नाही, तेव्हा ती विषय बदलायची.

याच बर्फाचा आणखी एक प्रकार दर वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो: भर दुपारी सूर्याच्या खूप खाली आडवा, सपाट, भडक रंगीत पट्टा. सोबत "अग्नी-इंद्रधनुष्य" असलं काहीतरी नाव. त्यात अग्नीही नाही आणि ते इंद्रधनुष्यही नव्हे. ताटलीसारखे चपटे बर्फाचे कण हवेत आडवे तरंगत असतात, त्यांच्या उभ्या बाजूने प्रकाश शिरतो, तळातून बाहेर पडतो आणि सूर्याखाली दोन वितींहून थोडं जास्त, ४६ अंशांवर रंग उमटतात. अट एकच, सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांच्या वर हवा. युरोपच्या उत्तर भागात सूर्य कधी इतका चढतच नाही, तिथल्या लोकांना हे बघायला प्रवास करावा लागतो. आपल्याकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रोज दुपारी सूर्य एवढा वर असतो. उणीव फक्त वर बघणाऱ्यांची, कारण त्या वेळी गोवा शित-कडी जेवून आडवा झालेला असतो.

आता सूर्यास्त, ज्यासाठी लोक पैसे खर्चून येतात. सूर्याची खालची कड पाण्याला टेकली, असं तुम्हाला दिसतं त्या क्षणी सूर्य खरं तर अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा खाली दाट आणि वर विरळ, म्हणून तिच्यातून तिरका येणारा प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळची प्रत्येक गोष्ट जरा वर उचललेली दिसते. हे उचलणं अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, आणि सूर्याची रुंदी अर्धा अंशच. म्हणजे किनाऱ्यावर टाळ्या पडतात त्या सूर्य गेल्यानंतर दोन-अडीच मिनिटांनी. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, त्यामुळे शेवटचा सूर्य वाटोळा न राहता चेपलेल्या भाकरीसारखा दिसतो. पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असेल तर आणखी एक गंमत होते: तापलेल्या डांबरी रस्त्यावर जसं मृगजळ दिसतं, तसं समुद्रावर सूर्याचं उलटं प्रतिबिंब खालून वर येतं, खऱ्या सूर्याला चिकटतं, आणि सूर्याला कळशीसारखी मान आणि बूड फुटतं.

अशी कळशी दिसली की हलू नका. अगदी शेवटचा ठिपका बुडताना सेकंदभर हिरवा होऊ शकतो. हवाही पाण्यासारखीच तांबड्याला कमी आणि निळ्या-हिरव्याला जास्त वाकवते, त्यामुळे सूर्याच्या प्रत्येक रंगाचं बिंब किंचित वरखाली असतं. तांबडं आधी बुडतं, हिरवं मागे राहतं. निळं वाटेतच विखुरलेलं असतं. आपल्या भागात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून हा हिरवा कण फार थोडा वेळ टिकतो. मला तो इतक्या वर्षांत एकदाच दिसला, हरमलला. त्याआधी बऱ्याचदा दिसल्यासारखा वाटला होता, पण तो डोळ्यांचा खेळ होता: तांबड्या सूर्याकडे टक लावून बसलं की डोळा थकतो आणि मग नजर फिरवाल तिथे हिरवट डाग दिसतो. खरा हवा असेल तर शेवटची फाक उरेपर्यंत दुसरीकडे बघा.

निळा वाटेत विखुरतो म्हणजे काय, ते लॉर्ड रॅलेने १८७१मध्ये मांडलं. हवेचे रेणू प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूपच लहान. ते आखूड लहरींना जास्त उधळतात. निळा प्रकाश तांबड्याच्या जवळपास सहापट उधळला जातो, म्हणून दिवसा आकाशभर निळा सांडलेला दिसतो. मावळतीला प्रकाशाला डोक्यावरच्या वाटेपेक्षा सुमारे ३८पट हवा ओलांडावी लागते, तोवर निळा संपतो आणि तांबडा-केशरी उरतो. धुळीमुळे सूर्यास्त रंगतो असं खूप जण म्हणतात, ते मला पटत नाही. जाड धूळ सगळेच रंग सारखे उधळते आणि आकाश मळकट पिवळं करते. मार्चमधल्या आणि पाऊस संपल्यावरच्या ऑक्टोबरमधल्या दोन संध्याकाळी शेजारी ठेवून बघा.

मग समुद्र निळा का? आकाशाचं प्रतिबिंब, असं रॅलेने सांगून टाकलं होतं. १९२१च्या इंग्लंडप्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्रावर निकोल प्रिझम (ठरावीक दिशेने कंपणारा प्रकाशच पुढे सोडणारा स्फटिक) डोळ्याला लावून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तरी निळा गेला नाही. उलट जास्त गडद दिसला. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश उधळतं. त्या धाग्यामागे जात ते २८ फेब्रुवारी १९२८च्या, 'रामन परिणाम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शोधापर्यंत पोचले आणि १९३०मध्ये नोबेल मिळालं. मांडवीच्या तोंडावर जुलैत हा प्रयोग केला असता तर मात्र गाळाच्या रंगाखेरीज हाती काही लागलं नसतं.

सूर्य बुडाला. आता पाठ फिरवा. ढगांच्या फटींतून निघालेले किरण पश्चिमेला पंख्यासारखे फाकलेले दिसतात, पण सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे ते खरे समांतर असतात. कोकण रेल्वेचे रूळ दूर जाऊन मिटल्यासारखे दिसतात, तोच प्रकार. म्हणून कधी कधी हेच पट्टे डोक्यावरून जाऊन पूर्वेला घाटाच्या मागे पुन्हा एका ठिकाणी मिळतात, आणि तिकडे दुसरा सूर्य उगवतोय की काय असं वाटतं. ढग नसतील, हवा स्वच्छ असेल, तर पूर्वेच्या क्षितिजावर करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा हळूहळू वर चढतो, त्याच्यावर गुलाबी झालर. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. रात्र वरून पडते असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती पूर्वेकडून अशी उगवते.

शेवटचा खेळ सावलीच्या डोक्यावरचाच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी पिकाच्या, कोवळ्या भातावर दव साचलेलं असतं. सूर्याला पाठ देऊन बांधावर उभे राहिलात तर आपल्या सावलीच्या डोक्याभोवती, फक्त डोक्याभोवती, देवाच्या मूर्तीमागे असते तशी प्रभावळ दिसते. दवाचा प्रत्येक थेंब भिंगासारखा पानावर प्रकाश एकवटतो आणि तो प्रकाश आल्या वाटेने परत येतो. शेजाऱ्याच्या डोक्याभोवती ती दिसत नाही, त्याला तुमच्याभोवती दिसत नाही. सोळाव्या शतकातला इटालियन शिल्पकार बेनवेनुतो चेलिनी याला आपली अशी प्रभावळ दिसली आणि ती आपल्या मोठेपणाची खूण आहे अशी त्याने समजूत करून घेतली. शेजारी कुणी उभा असता तर भांडण ठरलेलं होतं.

ढगावरची प्रभावळ रंगीत असते, वर्तुळात वर्तुळ, आणि ती विमानातून सर्वांत सहज दिसते. ढगाच्या अतिबारीक थेंबांना कडेने घासून गेलेल्या लहरी थेंबाच्या पृष्ठभागाला चिकटून वळसा घेतात, मागे परतताना एकमेकींत मिसळतात, आणि काही रंग उठतात, काही विझतात. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर १८९४मध्ये सी. टी. आर. विल्सनने ही वलयं पाहिली आणि ती प्रयोगशाळेत बनवावीत म्हणून बरणीत ढग तयार करायला घेतले. त्यातून निघालं अणूहूनही सूक्ष्म कणांचे माग दाखवणारं मेघपेटीचं यंत्र, आणि १९२७चं नोबेल.

मुंबईहून मोपा किंवा दाबोळीला सकाळच्या विमानाने येत असाल तर उजवीकडची खिडकी घ्या. सूर्य डावीकडे, पूर्वेला असतो आणि सावली उजवीकडच्या ढगांवर पडते. विमान उतरायला लागलं की सावली मोठी होत जाते. मग नीट बघा, वलयांचं केंद्र विमानाच्या सावलीत नेमकं कुठे आहे. गेल्या खेपेला माझं होतं पंखाच्या बरंच मागे, शेपटीच्या जरा अलीकडे. माझी रांग सव्वीसावी होती.